पिराजीचा हलका बार

इस्लापूरजवळ पिराजीचं शेत जंगलाला लागून होतं. रानडुकरं यायची ती आवतण दिल्यासारखी. पीक राखायला त्याच्याकडं वडिलांपासून चालत आलेली, परवान्याची ठासणीची बंदूक होती. पण डुकरांपेक्षा तिला पिराजीच जास्त भ्यायचा. ऐन उमेदीत त्यानं पहिला बार टाकला, तेव्हा डुक्कर पळालं, पिराजी पाठीवर आपटला आणि आवाजानं बिथरलेल्या म्हशीनं दूध चोरलं. बायको चांगुणाबाई गावभर सांगत सुटली, “ह्यांनी नेम धरला डुकरावर, लागला म्हशीला!”

तेव्हापासून पिराजीनं हलका बार काढला. दारू जेमतेम टाकायची आणि शिसं वितळवून गोळी घरीच ओतायची. त्यासाठी त्यानं आमटीची पळी उचलली, तेव्हा चांगुणाबाईनं चार दिवस त्याला आमटी वाढली नाही. “डुकराचा जीव जाऊ नये आन माझा खांदा बी ऱ्हावा,” एवढंच पिराजीचं म्हणणं.

यंदा मका भरात आला. एका संध्याकाळी दांडगं डुक्कर घुसलं. शेजारचा सटवाजी तमाशा बघायला बांधावर येऊन बसला. पिराजीनं डोळे मिटून चाप ओढला.

फुस्स!

डुकरानं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा कणसाला तोंड लावलं.

“दुसरा टाक की!” सटवाजी ओरडला.

पण एवढ्या फुसक्या बारात गोळी बाहेर पडली असेल का, ही पिराजीला धास्ती. त्यानं नळीत ठासायचा गज घातला. गज निम्म्यातच अडला. गोळी मधेच बसली होती.

दुसऱ्याच दिवशी निरोप आला, निवडणूक लागली, बंदुका ठाण्यात जमा करा.

“रिकामी हाय ना?” हवालदार राजशेखरनं विचारलं.

खोटं बोलणं पिराजीच्या जिवावर आलं. “अर्धी हाय, साहेब.”

“अर्धी म्हंजे?”

“दारू जळली. गोळी भाईर येऊन राहिली व्हती, मधीच थांबली.”

राजशेखर खुर्चीवरून उठला तो थेट दाराआड. “तोंड तिकडं कर!”

पिराजीनं मुकाट भिंतीकडं तोंड केलं.

“तुझं न्हाई, बंदुकीचं!”

बंदूक फिरली तशी माणसंही फिरली. चहावाला किटली टाकून पळाला. शेवटी नळी आभाळाकडं करून पिराजीला अंगणात उभं केलं, झेंडावंदनाला उभं करावं तसं. नांदेडला जाणारी जीप निघेपर्यंत तो हलला नाही.

नांदेडात बंदुका दुरुस्त करणाऱ्या भीमाशंकरनं जपून गोळी बाहेर काढली आणि हातात फिरवली. “गोळी घरीच ओतली? काय गोल हाय हो!”

पिराजीची छाती फुगली.

“पर ही आत असताना दुसरा बार टाकला असता ना, नळी तोंडावर फुटली असती.”

पिराजीनं पाणी मागितलं आणि पहिल्यांदाच आपल्या भित्रेपणाला मनातल्या मनात हात जोडले.

बंदूक ठाण्यात जमा झाली, निवडणूक संपली. बंदूक घेऊन जा म्हणून राजशेखरचे फोनावर फोन.

“ऱ्हाऊ द्या की, साहेब,” पिराजी म्हणायचा, “तुमच्याकडं लई शोभून दिसती.”

चांगुणाबाईनं जुन्या साड्या काढल्या, दोघांनी मिळून शेताभोवती बांधल्या. हिरव्या, गुलाबी, जांभळ्या. वारा सुटला की सगळ्या फडफडतात. डुकरं लांबूनच वळतात, आणि सहस्रकुंडाचा धबधबा बघायला जाणारी माणसं गाडी थांबवून विचारतात, “मामा, कुणाचं लगीन हाय?”