शब्दकोशाचा दुसरा खंड

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, एकाही मैत्रिणीला नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच, आणि ते दोन महिन्यांपूर्वी गेले. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये. हे पान मी चौथ्यांदा सुरू करते आहे.

मी सोलापुरातल्या एका जुन्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. वाचनालयाला लागून मुलींची अभ्यासिका आहे. पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या मुली तिथं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. सकाळी घरी आईबरोबर विड्या वळायच्या आणि मग अभ्यासाला यायचं, असा त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचा दिवस. माझं काम पुस्तकं देणं-घेणं, शांतता राखणं आणि समितीच्या सभेचं इतिवृत्त लिहिणं. माझं अक्षर चांगलं आहे. हे कौतुकानं सांगत नाही — पुढं त्याचा संबंध येतो.

आधी इक्बालभाईंविषयी सांगू द्या. त्यांच्याविषयी लिहिताना हात अडखळत नाही.

इक्बालभाईंचे वडील किल्ल्या बनवायचे. रस्त्याच्या कडेला पेटी मांडून, कानशीनं घासून. इक्बालभाई त्याच पेटीशेजारी बसून शिकले, आणि पुढं कॅमेरे आणि हात न लावता उघडणारी दारं बसवू लागले. मी एकदा त्यांना म्हटलं, तुम्ही वडिलांचा धंदा बंद पाडलात. ते हसले. म्हणाले, "न्हाय मॅडम, त्यांचाच हाय. त्ये म्हणायचे, किल्ली बनवणाऱ्यानं घरात काय हाय ते बघू नये. मी बी बघत न्हाय."

आमच्याकडं ते आले ते अंगठ्यामुळं. अभ्यासिकेच्या दाराला अंगठा लावायचं यंत्र होतं, आणि ते निम्म्या मुलींना आत घेत नसे. विड्या वळून वळून बोटांवरच्या रेषा झिजतात, हे यंत्र विकणाऱ्याला कुठून माहीत असणार? पद्मा नावाची एक मुलगी रोज पाच-सहा वेळा अंगठा दाबायची, ओढणीला पुसायची, पुन्हा दाबायची. "मॅडम, माझा अंगठा पानतंबाखूनं खाल्ला," म्हणायची, आणि मी उठून दार उघडायची. इक्बालभाईंनी तिचा अंगठा लांबूनच पाहिला आणि म्हणाले, "अंगठा कामाचा हाय की. मशीनच बिनकामाचं हाय."

त्यांनी चेहरा ओळखणारं यंत्र बसवलं. समोर उभं राहायचं, हिरवा दिवा लागतो, आपलं नाव ऐकू येतं, चुंबकाचं कुलूप सुटतं. कुठंही हात लावायचा नाही. पण आमच्या मुली उन्हाधुळीतून स्कार्फ गुंडाळून येतात, डोळे तेवढे दिसतात. यंत्रासमोर स्कार्फ सोडायचा, आत जाऊन केस नीट करायचे — मुलींना लाज वाटायची. दुसऱ्याच दिवशी इक्बालभाईंनी यंत्राशेजारी एक छोटा आरसा आणि खाली एक खुंटी ठोकली. कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर मुली दारासमोर रेंगाळू लागल्या.

कॅमेरे कुठं बसवायचे नाहीत, हे इतकं नेमकं ठाऊक असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. समितीच्या सेक्रेटरीसाहेबांना अभ्यासिकेत प्रत्येक टेबलावर कॅमेरा हवा होता. इक्बालभाई नाही म्हणाले. "साहेब, पोरी अभ्यास करत्यात. चोऱ्या न्हाय करत." एक कॅमेरा त्यांनी जिन्यावर लावला, एक व्हरांड्यात, दाराकडं येणाऱ्याचा चेहरा दिसेल असा. बस्स. साहेबांना ते आवडलं नाही. जुळे सोलापुरात आमच्या फ्लॅटवर आई दिवसभर एकटी असते, म्हणून मी घरीही कॅमेरा लावून घेतला, तेव्हाही तसंच. मला आईचा पलंग दिसायला हवा होता. इक्बालभाईंनी आईलाच विचारलं. आई म्हणाली, मला कुणी बघितलेलं आवडायचं नाही रे बाबा. त्यांनी कॅमेरा बाहेरच्या दारावर लावला, आणि पलंगाशी भिंतीवर एक मोठं बटण बसवलं. दाबलं की माझा फोन वाजतो. आईनं ते आजवर दोनदा दाबलंय — दोन्ही वेळा, येताना कोथिंबीर आण म्हणून.

मी लांबवते आहे, नाही का? तुमच्या लक्षात आलं असेल.

त्या यंत्राचा परवलीचा आकडा इक्बालभाईंनी आमच्याकडं फक्त मला दिला होता. साहेबांना नाही. "तुमी पुस्तकं सांभाळता," म्हणाले. कोणत्या बटणानं काय होतं, तेही शिकवलं. दार अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त उघडं राहिलं तर शिट्टी वाजते, ती शिट्टी बंद कशी करायची, हेही.

मे महिना होता. सोलापूरचा मे तुम्हाला माहीत असेल तर जास्त सांगायला नको. पंखा गरम हवाच ढवळतो. माझं टेबल अभ्यासिकेच्या दाराशी आहे, आणि दार उघडं असलं की आतल्या खिडकीतून थोडा वारा येतो. मुलींना उकडतं म्हणून मी दार उघडं ठेवायचे — असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. ते खरं नव्हतं. खरं हे, की मला वाचायचं असायचं. दर दोन मिनिटांनी हिरवा दिवा, नाव, कुलपाचा खट्ट आवाज — माझी ओळ तुटायची. म्हणून दुपारी मी शिट्टी बंद करायचे आणि दाराला शब्दकोशाचा दुसरा खंड लावायचे. तो सर्वात जाड आहे. हात न लावता उघडावं म्हणून एका माणसानं एवढ्या विचारानं बसवलेलं दार, आणि ग्रंथपाल त्याला पायानं पुस्तक सरकवते. ज्या पुस्तकाचं पान मी वाचकांना थुंकी लावून उलटू देत नाही, ते जमिनीवर.

एका दुपारी मुली खाली लिंबाखाली डबे खायला गेल्या होत्या. पद्माची पिशवी आतच होती. दुसऱ्या दिवशी तिची कागदपत्रांची पडताळणी होती, दहावीपासूनची सगळी मूळ प्रमाणपत्रं त्या पिशवीत. एक माणूस जिना चढून आला, माझ्या टेबलापासून चार हातांवरून आत गेला, पिशवी घेऊन बाहेर पडला. मी तिथंच होते. वाचत होते. मान वर केली नाही.

पद्मा वर आली, पिशवी शोधू लागली, तिचा आवाज चढला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. आणि मी पहिलं काय केलं? तिच्याकडं गेले नाही. पुस्तक दारातून काढून टेबलाखाली ढकललं. मग शिट्टी सुरू केली. मग तिच्याकडं गेले.

इक्बालभाई अर्ध्या तासात आले. व्हरांड्यातल्या कॅमेऱ्यात त्या माणसाचा चेहरा स्पष्ट आला होता — तो कॅमेरा त्यांनी बरोबर त्याच उंचीवर लावला होता. तो चेहरा घेऊन ते खाली रिक्षा स्टँडवर गेले, तिथल्या एकानं ओळखला, आणि संध्याकाळपर्यंत पिशवी बाजारामागं सापडली. मोबाइल गेला होता, डबा गेला होता. कागद सगळे होते. पद्मा ते एकेक मोजत होती आणि इक्बालभाई तिला सांगत होते, "हळू, पोरी, घामाचा हात हाय. शाई फुटंल." पद्मा आज कुर्डुवाडीला रेल्वेत आहे. ते त्यांच्या कॅमेऱ्यामुळं.

त्याच संध्याकाळी, सगळे गेल्यावर, त्यांनी माझ्या टेबलाखालून शब्दकोश काढला. कापडी बांधणीवर दाराच्या कडेचा काळा पट्टा उमटला होता, रोज तिथंच लागून लागून. त्यांनी खिशातला रुमाल काढला, पट्टा पुसून पाहिला — गेला नाही. मग उठून खंड पहिल्या आणि तिसऱ्याच्या मध्ये नीट लावला. माझ्याकडं पाहिलंही नाही. "येतो, मॅडम," एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात समितीची सभा झाली. साहेबांनी विचारलं, यंत्राच्या नोंदीत त्या वेळी कुणीच दार उघडलेलं नाही, मग तो माणूस आत गेला कसा? इक्बालभाईंच्या हातात नोंदींचा छापलेला कागद होता. शिट्टी किती वाजता बंद झाली, कुणाच्या आकड्यानं झाली, ते त्या यंत्रात उतरतं. मला हे तोवर माहीत नव्हतं. कागद त्यांच्या हातात पाहिला, तेव्हा कळलं. त्यांनी तो एकदा वाचला, चार घड्या घातल्या, सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"चुंबक नीट बसला नसंल, साहेब. माझ्याकडनं ऱ्हायलं."

मी समोर बसले होते. वही उघडी, पेन हातात. बोलायला किती वेळ लागला असता? दोन वाक्यं. कुणी मला कामावरून काढलं नसतं. फार तर साहेब चार शब्द बोलले असते, मुली थोडं हसल्या असत्या. एवढ्याचीच भीती होती मला.

साहेब म्हणाले, "लिहा मॅडम — कुलपात चूक राहिली." आणि मी लिहिलं. इथंच मला पोहोचायचं होतं. मी काय लिहिलं ते अक्षर न अक्षर आठवतं: "दार बसविणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे कुलूप लागले नाही, हे सर्वांनी मान्य केले." साहेब 'चूक' म्हणाले होते. निष्काळजीपणा हा शब्द कुणीही सांगितला नव्हता. तो माझा. भाषा येते म्हणून सुचला. आयुष्यभर शब्दांची निवड कशी करावी ते वाचत आले, आणि जेव्हा निवडायची वेळ आली तेव्हा हा निवडला — खरं कुणाला लागू होतो ते माहीत असताना.

त्या ठरावावरून, वाचनालय चालवणाऱ्या संस्थेच्याच शाळेच्या दारांचं काम त्यांच्याकडून काढून दुसऱ्याला दिलं. तसं कळवणारं पत्र मीच लिहिलं, त्याच शब्दासकट. हातानं. सुंदर अक्षरात.

आणि ते पुढच्या आठवड्यात आले, एका काचेचं माप घेऊन. दारावरची काच त्यांनी कापली, तिथं जाळी आणि एक छोटा पंखा बसवला. वारा थेट माझ्या टेबलावर येऊ लागला. शिडीवरूनच म्हणाले, "हवा येत न्हाय म्हणून दार उघडं ऱ्हातंय की, मॅडम. मी दाराचा इचार केला, वाऱ्याचा केलाच न्हाय. माझंच चुकलं बघा." टोमणा असेल म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं. पंखा फिरला तसे ते लहान मुलासारखे खूश झाले.

मी चहा मागवला. चहा — एवढंच मला जमलं.

त्यानंतरही ते सहा वर्षं यायचे, यंत्र पुसायचे, मुलींचे नवे चेहरे भरायचे. दर वेळी मी ठरवायचे, आज सांगायचं. त्यांना माहीत आहे, मग काय सांगायचं — हेही मीच ठरवायचे. पण त्यांना माहीत असणं आणि मी सांगणं, ही एकच गोष्ट आहे का?

ते गेल्यावर मी त्यांच्या घरी गेले. मुलगी रुखसाना आता दुकान बघते, शिडीवर चढते, वायर ओढते, बापासारखीच. तिनं मला दुकानात बसवलं. हत्यारांचं कपाट उघडलं, तर दाराच्या आतल्या बाजूला माझं पत्र चिकटवलेलं. पिवळं पडलेलं.

"अब्बा रोज कामाला जायच्या आधी वाचायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, एकदा निष्काळजीपणा झाला, परत व्हायला नको. आमालाबी तेच वाचून दाखवायचे." मग पत्राकडं बघत म्हणाली, "अक्षर लई छान हाय तुमचं, मॅडम."

म्हणजे खरं काय झालं ते तिला त्यांनी सांगितलंच नव्हतं. घरातसुद्धा. माझा शब्द त्यांनी अंगावर घेतला आणि त्यावर दोघांना काम शिकवलं, स्वतःला आणि लेकीला. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मेलेल्या माणसाच्या मुलीसमोर, त्याच्या कपाटासमोर. मी म्हणाले, "चांगला माणूस होता गं." आणि निघून आले. हे दुसऱ्यांदा. पहिल्यापेक्षा हे मोठं आहे, असं मला वाटतं.

उद्या अकराला समितीची सभा आहे. आमच्याकडं सभेच्या सुरुवातीला मागचं इतिवृत्त मोठ्यानं वाचायची पद्धत आहे, आणि ते मीच वाचते. उद्या मी ते जुनं पान उघडणार आहे. त्याआधी दहा वाजता, दुकान उघडायच्या वेळी, रुखसानाकडं जाणार आहे. ती काय म्हणेल ते म्हणू दे. काही न म्हणाली तरी ते ऐकायचं.

त्या पानाखाली लिहायचं वाक्य मी आज तयार केलं. साध्या शब्दांत.

"त्या दिवशी दार ग्रंथपालांनी उघडे ठेवले होते. शिट्टी त्यांनीच बंद केली होती. कुलपात दोष नव्हता, आणि ते बसविणाऱ्या इक्बालभाईंकडून काहीही राहिले नव्हते."