कलावतीबाईंची नोटीस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला तर नाहीच. त्याला वाटतं, संध्याकाळी घरी येते तेव्हा मी गप्प असते ती ट्रॅफिकमुळे.

कायदा आणि आंतरराष्ट्रीय संबंध अशी पाच वर्षांची एकत्र पदवी करत होते मी. सदाशिव पेठेत एका काकूंकडे कॉट बेसिसवर राहायचे आणि त्यांनी न विचारता त्यांना समुद्रसीमा समजावून सांगायचे. आगाऊ होते, कबूल. हे कबूल करणं सोपं आहे ना? मोठं सांगायचं टाळायला माणूस आधी बारीकसारीक कबूल करत बसतो.

चौथ्या वर्षी दर शनिवारी विधी साहाय्य केंद्रात बसावं लागे. लोक कागद घेऊन येत, आम्ही विद्यार्थी अर्ज लिहून देत असू. त्याला गुण होते. तिथे कलावतीबाई आल्या. खराडीच्या पुढच्या, आता शहरात आलेल्या एका गावच्या. नवरा गेल्यापासून माहेरच्या जमिनीवर दोन खोल्यांत राहत होत्या. भावांनी वारसनोंदीचं काम म्हणून कचेरीत नेऊन त्यांची सही घेतली होती — ते निघालं हक्कसोडपत्र. आता सातबाऱ्यावरून नाव काढण्याची तलाठ्याची नोटीस आली होती. हरकत घ्यायला पंधरा दिवस, त्यातले नऊ उरलेले.

"ताई, मला यातलं काय बी कळत न्हाय. तुमी हाय म्हणून धीर हाय," म्हणाल्या. मी मूळ नोटीस ठेवून घेतली. अर्ज मीच नेऊन देते, म्हणाले. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. नुसता मोठेपणा.

मग मी मूट कोर्टसाठी दिल्लीला गेले. लुटुपुटूचं न्यायालय ते — नकाशावर नसलेल्या दोन देशांच्या समुद्रसीमेसाठी तिथे चार दिवस पोटतिडकीने भांडले. दुसरी आले. कलावतीबाईंचा अर्ज बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात होता, सुवाच्य अक्षरात, तारखेसकट. परत आले तेव्हा मुदत टळून दोन दिवस झाले होते.

विसरले, एवढंच असतं तर... पण पुढच्या शनिवारी त्या आल्या, अर्ज दिला का विचारलं, आणि मी — दिला म्हणाले.

त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर नोंदीविरुद्ध अपील करता आलं असतं. त्याला साठ दिवस असतात. मला माहीत नव्हतं? होतं की. पुस्तकात ती ओळ मीच पेन्सिलीने अधोरेखित केली होती. पण केंद्राच्या मॅडम मला परदेशी विद्यापीठासाठी शिफारसपत्र देणार होत्या. त्यांच्यापुढे मला निष्काळजी ठरायचं नव्हतं.

त्या पुन्हा आल्या. सुनावणी लागेल, थांबा, म्हणाले. त्यानंतर आल्या त्या अडीच महिन्यांनी, नवा सातबारा घेऊन. त्यावर त्यांचं नाव नव्हतं. भाऊ खोल्या रिकाम्या करायला सांगत होते. मी काय म्हणाले? सरकारी कामं अशीच असतात, म्हणाले. तेव्हाही दिवाणी दावा करता आला असता. तेही बोलले नाही — कुठलाही वकील आधी हरकत अर्जाची पोच मागणार, म्हणून. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तुमी तरी काय करनार, ताई? लई पळापळ केली माझ्यासाठी."

त्याच संध्याकाळी केंद्राच्या वहीत, गुणांसाठी, प्रकरणाचा शेवट लिहायचा होता. मी लिहिलं, 'पक्षकार पुन्हा आल्या नाहीत.' मॅडमनी खाली सही केली.

शिफारसपत्र मिळालं. परदेशी जाऊन आले. आता खराडीतच एका कंपनीचे करार तपासते, आणि माझ्या हातून तारीख कधी चुकत नाही असा माझा ऑफिसात लौकिक आहे. त्या कुठे राहतात, मला माहीत नाही. मी कधी शोधलं नाही.

मूळ नोटीस अजून माझ्या कपाटात आहे. परत द्यायची राहून गेली. — नाही, राहून गेली नाही. मी दिली नाही.