डिचोलीतले सात फोटो

डिचोलीच्या बसस्टँडवर उतरले आणि दहा पावलांत पहिला प्रश्न आला. केळ्यांचे घड पुढ्यात मांडून बसलेल्या एका बाईंनी आधी माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे, मग पायांतल्या बुटांकडे बघितलं आणि विचारलं, "कोणाचां गो तू?" (कोणाची गं तू?)

मी म्हटलं, "पुण्याची."

"तां न्हय गो. कोणाचां?"

मी हसले आणि पुढे सटकले. पाठीमागे त्या बाई शेजारणीला सांगत होत्या, "कोणाचां ताच सांगणा नाय."

मी पुण्यात दातांच्या कवळ्या बनवते. डॉक्टर साचे पाठवतात, आम्ही दात बसवतो. आठवडाभर तोंडांचे साचे बघायचे आणि रविवारी कॅमेरा घेऊन रस्त्यांवर माणसं बघत हिंडायचं, असा माझा नऊ-दहा वर्षांचा क्रम आहे. पुणं, मुंबई, एकदा सुट्टी काढून हैदराबाद. भाजी निवडणाऱ्या बायका, सिग्नलला डुलकी घेणारे रिक्षावाले, चहाच्या गाड्यांवरची भांडणं. मोठ्या शहरात कोणी कोणाला विचारत नाही, आणि मीही कोणाला विचारत नसे. समोरच्याला पत्ता लागू न देता फोटो काढायचा, ही मी माझी कला समजत होते.

आमच्या लॅबमधली शुभदा पेडणे तालुक्यातल्या हळर्णची. ती म्हणाली, "चार दिवस माझ्या आईकडे राहून ये. समुद्र सोडून गोवा बघ." बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने येणारी बस डिचोलीवरून जाते आणि बुधवारी तिथे आठवड्याचा बाजार असतो, एवढं कळल्यावर मी वाटेतच उतरले होते.

बाजार भरगच्च होता. सुक्या मिरच्या, सुकी सुंगटं (कोळंबी), कणगं (रताळी), कोयते, मडकी. पण माझी कला इथे चालेना. मडकीवाल्यावर कॅमेरा रोखला, तर तो ताठ उभा राहिला आणि त्याने बायकोला हाक मारून शेजारी उभं केलं. एका दुकानदाराने विचारलं, "खाणींचो सर्वे काय?" दुसऱ्याने हळूच जवळ येऊन चौकशी केली, त्याचं घर नव्या रस्त्यात जाणार आहे का. मी नाही म्हटलं, तरी त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही. दर चार पावलांना मी कोण नाही, हे मी नव्याने सांगत होते.

मग तो माणूस दिसला. रस्त्याच्या कडेला एकाने तयार चष्म्यांचा स्टँड लावला होता. समोर साठीच्या आतबाहेरचे, रुंद खांद्यांचे गृहस्थ उभे होते. अंगात चौकटीचा शर्ट, हातात वर्तमानपत्राचा तुकडा. ते एक चष्मा लावत, कागद नाकापर्यंत आणत, मान इकडून तिकडे फिरवत आणि चष्मा परत ठेवत. मग दुसरा. मग तिसरा. मी त्यांच्या डाव्या अंगाला चार हातांवर उभी राहून फोटो काढत होते आणि त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. सगळ्या बाजारात मला न बघणारा तेवढा एकच माणूस. सातव्या फोटोत त्यांनी शेवटचा चष्मा ठेवला आणि त्यांचा चेहरा हसण्याने फाकला. वर्षभरात इतकं चांगलं काही मिळालं नव्हतं. त्या खुशीत मी एका हॉटेलात पातळभाजी आणि दोन उंडे (गोल पाव) खाल्ले.

म्हापशाला गाडी बदलताना कंडक्टर ओरडत होता ते मला "हळर्ण, हळर्ण" ऐकू आलं. चढले, बसले, झोपही लागली. तिकीट काढायला कंडक्टर आला तेव्हा गाडी शिवोलीच्या पुलावर होती.

"हळर्ण? बाय, ही गाडी हरमलाक वता."

त्याने मला पुलापलीकडे चोपड्याला उतरवलं. नदीकाठी एक बाई तिसऱ्यांचा (शिंपल्यांचा) ढीग निवडत होती. मी हळर्ण कुठे म्हणून विचारलं, तर तिने ओल्या हाताने नदीच्या वरच्या अंगाला दाखवलं. "ह्याच न्हंयच्या काठार. पण वयर, खूप वयर. आधी पेडण्याची गाडी पकड." मग तिनेही विचारलं, "कोणाकडे?" शुभदाच्या आईचं नाव मी सांगितलं. तिला ते ठाऊक नव्हतं, तरी तिचं समाधान झालं. मला या भागाचा काही हिशोबच लागत नव्हता.

हळर्णला पोचले तेव्हा ऊन कलत होतं. शुभदाच्या आईला सगळे काकी म्हणतात, मीही म्हणू लागले. त्यांच्याकडे त्यांची नात रेवा राहते, चौथीत आहे. जेवणात तिसऱ्यांचं सुकं होतं, सोलकढी होती आणि रेवाचे न संपणारे प्रश्न होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी म्हणाल्या, "पेडण्याक जातंस मगे? शाणूच्या गाडयेन जा. तो पोरांक शाळेत सोडता." दारात पांढरी व्हॅन येऊन उभी राहिली. काकींनी हाक मारली, तसा चालकाच्या खिडकीतून एक रुंद खांदा दिसला आणि आवाज आला, "काय गो काकी, पावणी इली?"

तेच गृहस्थ होते. निदान मला तसं वाटलं. आज शर्ट वेगळा होता आणि डिचोलीला दिसलेला माणूस थोडा वाकलेला होता; हा ताठ बसला होता. मागे रेवा धरून अकरा मुलं. मी पुढच्या सीटवर बसले आणि मनाशी वाद घालत राहिले. शाणूमामा सुरेख गाडी चालवत होते. वळणावर हॉर्न, चढावर नेमका गिअर. "ओअराचो टिपर चालवलो मी, सव्वीस वर्सां," ते सांगत होते. (ओअर म्हणजे लोखंडाची माती.) "डिचोलीच्या खाणीर. ह्यो रस्तो डोळे मिटून चालवीन."

आणि मुलं खिदळली, कारण ते रोजच असं म्हणत असावेत.

मी स्वतःला समजावलं, चष्मा घ्यायला गेलेला माणूस तो. चष्मा घ्यायला गेला म्हणजे आंधळा होत नाही.

पेडण्याच्या अलीकडे एक डावं वळण आहे. तिथे पाण्याच्या पाइपासाठी चर खणला होता, कडेला मातीचा ढीग, दोन बांबू आणि त्यांवर लाल फडकं. मला ते पन्नास पावलांवरून दिसलं. गाडीचा वेग कमी होईना. मी त्यांच्याकडे बघितलं, ते समोर बघत होते, अगदी शांत. शेवटी मी किंचाळले, "मामा, डावीकडे!"

ब्रेक लागला. एक बांबू कडकन मोडला. मागे दप्तरं आदळली, कोणाचं तरी नाक सीटवर आपटलं आणि रडू सुरू झालं. मी उतरून बघितलं. पुढचं डावं चाक चराच्या काठावर होतं, खालची माती सुटून आत पडत होती.

"काल नाय होतो ह्यो," शाणूमामा म्हणाले. खरं होतं ते. पण लाल फडकं तर आज होतं.

गाडी मागे घेऊन, मुलांना शाळेत सोडून ते एका पिंपळाखाली थांबले. मी कॅमेरा काढला आणि कालचा पहिला फोटो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो हातात घेतला, हळूहळू उजव्या डोळ्याजवळ नेला आणि मान फिरवत बघितला, काल कागद बघत होते तसाच. सातही बघितले.

"तू माझ्या बाजूक होतंस?"

"इथून तिथे होते," मी माझ्यापासून स्टेअरिंगपर्यंत हात दाखवला.

मग त्यांनी सांगितलं. काचबिंदू आहे. एका डोळ्याचं जवळजवळ संपलं, दुसऱ्याने नळीतून बघितल्यासारखं फक्त समोरचं दिसतं. डॉक्टरांनी चष्म्याचा उपयोग नाही म्हणून सांगितलं होतं, गाडी चालवू नका असंही. घरी कोणाला ठाऊक नाही. "तरी म्हटलां, एखाद्या चष्म्यात दिसात." मग म्हणाले, "पुसून टाक ते."

मी पुसले नाहीत आणि पुसणार नाही असंही म्हणाले नाही. माझ्या तोंडून आलं, "मामा, दुपारी मुलांना आणायचंय."

"दीडाक शाळा सुटता," ते म्हणाले आणि काच वर केली.

मी व्हॅनमधून उतरले होते; हळर्णला लाइनच्या (रोजच्या फेरीच्या) बसने परतले. सरळ घरी जायचं धाडस होईना म्हणून किल्ल्याकडे गेले. पडके बुरूज, गवत, खाली नदी. फोटो काढण्यासारखं बरंच होतं, पण मी एका दगडावर बसून फक्त उलटसुलट विचार केले. मी कोण सांगणारी? एका माणसाचं काम माझ्या एका वाक्याने जाईल. आणि नाही सांगितलं तर? रेवा त्या व्हॅनमध्ये दारालगत बसते.

काकी आदोळीवर (विळीसारख्या खवणीवर) नारळ खवत होत्या. मी भडाभडा सगळं सांगितलं, फोटोसकट.

"दोन म्हयने तो माका आवाजावरून ओळखता," त्या म्हणाल्या. "मी हाक मारल्याबिगर बघणा नाय. म्हटलां, वय झालां." मग खोबरं तसंच टाकून त्या उठल्या. "रेवा बसता गो तेच्या गाडयेत. माका आधी कळूक होयां होतां."

आम्ही शाणूमामांच्या घरी गेलो तेव्हा बारा वाजून गेले होते. व्हॅन अंगणात होती, किल्ली खिळ्याला. त्यांची बायको, मामी, बुचकळ्यात पडून उभी होती. "चलत गेलो," (चालत गेले) ती म्हणाली. "गाडी आसताना चलत कित्याक गेलो?"

अडीचला स्टॉपवर लाइनची बस थांबली. आधी मुलं उतरली, मागून शाणूमामा. प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत त्यांनी अकरा मोजली. काही आया घ्यायला आल्या होत्या, त्यांच्यासमोर ते उभे राहिले.

"उद्यापासून गाडी मी चालवचंय नाय. माका बाजूचा कायच दिसणा नाय."

मग सकाळी नाक आपटलेल्या मुलाची आई पुढे झाली. "इतके दिवस कित्याक सांगूक नाय? पोरां आमची!" शाणूमामांनी मान खाली घातली. मामीने येऊन त्यांचा दंड धरला आणि दोघं घरी गेली. मला कोणाची बाजू घ्यावी कळत नव्हतं, दोघांचंही बरोबर वाटत होतं. म्हणजे एकाचं चूक होतं हे कळत असूनही.

शुक्रवारी सकाळी मामी एकटीच आली. "माका ते फोटो दाखय."

पायरीवर बसून तिने एकेक फोटो बघितला. "ह्या दिवशी टायर बघूक जातंय म्हणान सांगून गेल्लो," ती म्हणाली. शेवटचा फोटो तिने डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा बघितला. मला काहीतरी बोलावंसं वाटलं. मी म्हटलं, "इथे तरी हसतायत."

"हसणा नाय तो," मामी म्हणाली. "रडू येता तेव्हा तो असो दात दाखयता. आमचां पोर वारलां तेव्हाय असोच बसललो."

मी रोज दातांचे साचे हाताळते. कोण कसं चावतो, कोण झोपेत दात खातो, ते मला साच्यावरून कळतं. हे मला कळलं नव्हतं.

तिने फोटो पुसायला सांगितले नाहीत. एक कागदावर काढून पाठव म्हणाली, तिसरा. त्यात शाणूमामांनी निळ्या दांडीचा चष्मा लावला आहे आणि तो त्यांना शोभतो.

पुण्याला परतून तिसरा फोटो पाठवला. पुढच्या रविवारी कॅमेरा घेऊन मंडईत गेले. लसूण सोलणारी एक म्हातारी दिसली, छान उजेड होता. मी उभी राहिले आणि मला ठरवता येईना. विचारलं तर चेहरा बदलेल, न विचारता काढला तर मी काय बघतेय हे मलाच माहीत नसेल. डिचोलीचे ते फोटो मी चोरून काढले म्हणून अकरा मुलं वाचली असं शुभदा म्हणते. मामीचा चेहरा आठवला की मला ते तितकं सोपं वाटत नाही. म्हातारीने मला हटकलं, "घेणारेस का?" मी पाव किलो लसूण घेतला.

परवा काकींचा फोन आला. आता मुलांना गावातली एक तरुण बाई नेते, व्हॅन तीच चालवते. शाणूमामा डोळ्यांत थेंब न चुकता घालतात, राहिलेली नजर टिकेल असं डॉक्टर म्हणाले. आणि नाक आपटलेल्या मुलाच्या त्या आईनेच त्यांना विनवून मुलांबरोबर व्हॅनमध्ये बसायला लावलं. रस्ता त्यांना तोंडपाठ आहे, नव्या चालकिणीला वळणं सांगतात. मग फोन शाणूमामांच्याच हातात गेला.

"परत कदी येतलंस?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, जमलं की येईन.

"ये. स्टॉपार घेऊक येतंय मी. तू फकत उतरल्यार हाक मार."