पाहुणीला दिलेले शिंगाळे

सकाळी ओहोटी लागली की आमच्या मुरब्याच्या खाडीत वेगळाच उजेड पडतो, दुधात हळद टाकावी तसा. चिखल चमकतो, बगळे उभ्या उभ्या पेंगतात, आणि आपण जागे आहोत की झोपेत, तेच कळत नाही. जन्मभर मासळी विकली मी, पण त्या उजेडात उभी राहिले की डोक्यावरच्या टोपलीचाही विसर पडतो. तर सांगत काय होते, सुनेचं.

सून पोटुशी होती, पाचवा लागलेला. माहेर खाडीकाठचं, त्यामुळे डोहाळे एकच: खाडीच्या शिंगाळ्याचं आंबट कालवण. शिंगाळा म्हणजे मिशांचा मासा. समुद्रात मिळतो, खाडीतही मिळतो, पण चिखलातल्याची चव न्यारी. आता खाडीचं पाणी पूर्वीचं राहिलं नाही. कधी वर तवंग येतो, कधी वास. म्हणून मी तिला थोपवून धरलं होतं.

अशात पालघरच्या कॉलेजातली एक मुलगी मासे तपासायला नेते म्हणून आली. "मावशी, माशांत पारा, शिसं उतरलंय का ते बघायचंय. खाडीतलेच द्या, मिळतील तसे."

मी म्हटलं, "बघ गो बाय. माझ्या सुनेच्या ताटाचा सवाल हाय."

दुसऱ्या दिवशी उजाडताना आमचे हे खाडीत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकून आले. आठ शिंगाळे, बोटाएवढे, चिखलानं माखलेले. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. घरी आलेल्या पोरीच्या हातात हे द्यायचं? आमच्यात कोळीण दुसऱ्याला मासा देते तो निवडून, चकाकता देते. नेमकी समुद्रावरून मासळीची बोट किनाऱ्याला लागली होती. तिच्यातले आठ ताजे, मोठे शिंगाळे मी पोरीच्या बर्फाच्या डब्यात मांडले.

"एवढे मोठे?" ती म्हणाली.

"मग? आमची खाडी हाय ती!"

ती हसली आणि चिठ्ठीवर 'मुरबे खाडी' लिहून गेली. मला आपलं बरं वाटलं.

काही आठवड्यांनी तिचा फोन आला, दुपारचा. माशांत काळजीसारखं काही नाही म्हणाली. सून तिथेच बसलेली. "आई, आता नाय म्हणायचं नाय हां!" हे लगेच पाग घेऊन निघाले. मी चिंच भिजत घातली. चिंच मऊ होत होती, बाहेर नारळीच्या सावल्या भिंतीवर हलत होत्या, आणि मी त्या सावल्यांत हरवल्यासारखी झाले. तसं बसल्या बसल्याच मला उमगलं की खाडीचा मासा कुणी तपासलाच नव्हता.

"अगं," मी म्हटलं, "ते मासे बोटीचे होते."

"म्हंजे?"

"खाडीचे बारके होते. द्यायला लाज वाटली."

सून म्हणाली, "आई, तुमी काय माशांची सोयरीक करत होता? दाखवायची एक नि गळ्यात घालायची दुसरी?" आम्ही दोघी हसलो. मग तिचा हात पोटावर गेला आणि हसू थांबलं.

मीच त्या मुलीला फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, उद्या येते. पण या खेपेला मी पाण्यापाशीच उभी राहणार."

आली. चप्पल चिखलात रुतली, तिनं तशीच सोडून दिली. यांचा पाग पडला की पाण्यावर गोल उमटायचे आणि सावकाश विरायचे. सुनेसकट आम्ही तिघी बघत होतो. बारके, माखलेले शिंगाळे तिनं न धुता पिशवीत भरले.

पुन्हा काही आठवड्यांनी तिचा फोन आला: त्या माशांत पारा निघाला. पोटुशीनं आणि लहान पोरांनी खाऊ नयेत, तिनं निक्षून सांगितलं.

त्या दिवशी मी बोटीच्या शिंगाळ्याचं कालवण केलं. सुनेनं पहिला घास घेऊन नाक मुरडलं. "याला काय चव नाय, आई." आणि ताट पुढे सरकवलं, अजून भात वाढायला.