पुलावरच्या राक्षसाची बाजू

जगात जेवढे म्हणून वाईट ठरले असतील, त्या सगळ्यांचं वकीलपत्र माझ्या थोरल्या मामानं फुकटात घेतलं होतं. मांजरानं दूध पळवलं की मामा म्हणायचा, "पिलं असतीन तिले." गणिताच्या मास्तरांनी मला छडीनं झोडपलं, तर माझ्या पाठीला हळद लावता लावता म्हणाला, "त्याच्या घरी काही बिनसलं असंन बापा." हळद मला आणि माया मास्तरांना. मामा वर्ध्याजवळच्या एका रेल्वे फाटकावर फाटकवाला होता. बंद फाटकाशी खोळंबलेले लोक जे काय काय बोलतात, ते ऐकून त्याचा स्वभाव असा झाला असावा.

त्यातला सगळ्यात जहाल राग माझ्या बाबांचा. आई-बाबांच्या लग्नाच्या दिवशी बदलीचा माणूस तापानं आडवा झाला, म्हणून नवरीचा हा सख्खा भाऊ नवा फेटा बांधून ड्युटीवर उभा, आणि नेमका नवरदेवाचा ट्रक फाटकाशी आला. "मालगाडी येऊन राह्यली, जवाईबापू," म्हणून मामानं जे फाटक लावलं ते उघडेचना. गाडीचा पत्ता नाही. शेवटी वऱ्हाडी वैतागले, ट्रक फिरवून लांबच्या रस्त्यानं गेले आणि मुहूर्त टळला. "गाडी येनारच नव्हती, मुद्दाम केलं त्यानं," हे बाबांचं मत पुढची पंधरा वर्षं तसूभर हललं नाही. मामा भाऊबीजेला यायचा तो अंगणापर्यंत. आई तिथंच पाट मांडून ओवाळायची. बाबांनी एकदा "आत या" म्हणावं, यासाठी त्याचा जीव तुटायचा.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास बसस्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान निघालं. मी मामाला हौसेनं घेऊन गेलो. उड्या मारत जायचं, शेवटी पुलावर एक काळाकभिन्न राक्षस उभा, त्याला गोळी घातली की पलीकडे, असा खेळ. मामा अडखळत पुलापर्यंत पोचला आणि थांबला. पडद्याचा निळा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पसरला होता. "याले कोनी उभं केलं असंन इथं?" तो तंद्रीत म्हणाला. "याची भाकर कोन आनते?" तेवढ्यात राक्षसानं आग ओकली नि मामा मेला. पुन्हा खेळला, पुन्हा मेला, पण गोळी काही झाडली नाही. मग दर रविवारी तेच. हळूहळू त्या राक्षसाला गाव मिळालं, बायको मिळाली, पावसाळ्यात दुखणारा गुडघा मिळाला. मलाही पुलाखालची नदी नि पलीकडचं धुकं खरंच दिसू लागलं.

एका रविवारी मला शोधत बाबा तिथं आले. मामाची दाराकडे पाठ होती. तो पडद्याशी बोलत होता, "रस्ता अडवते म्हनून सारे याले मारतेत. पलीकडून काय येऊन राह्यलं, ते यालेच दिसते."

बाबा दारातच थबकले. मग पंधरा वर्षांत पहिल्यांदा ते मामाशी बोलले, "त्या दिवशी गाडी आलती काय?"

मामानं खेळाची दांडी सोडली. "आलती, जवाईबापू. तुमचा ट्रक वळनावर दिसेनासा झाला, अन् आली."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी इचारलंच नाई."

बाबा दारातून बाजूला सरले. मग म्हणाले, "चला घरी. जेवून जाजा."

त्या दिवशी मामा आमच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा जेवला. आईला वाढता वाढता रडू आवरेना, आणि बाबा मान खाली घालून नुसती भाकर कुस्करत राहिले. मला मात्र बाबांचा भयंकर राग आला होता. मामाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण हात धुताना तो माझ्या कानाशी लागून जे बोलला ते अजून ऐकू येतं, "बापाले काही म्हनू नोको. मुहूर्त टळलता त्याचा."