अप्पांचा डबा आणि माझा कॉम्प्युटर

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी नांदेडला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. पोरांना पहिल्याच तासाला सांगते — यंत्रात 'आपोआप' काही होत नाही. कुणीतरी आधी लिहिलेलं असतं म्हणून होतं. आता हसायचं तर हसा.

माहेर लातूरला, औसा रोडच्या बाजूला. लातूरचा नळ ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको... कधी आठ दिवसांनी, कधी बारा, आणि वेळ त्याच्या मर्जीची. तेवढ्यात मागच्या अंगणातला हौद भरला तर भरला. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. आईचे गुडघे गेले तसं त्यांनी नळाचं सगळं ऑटोमॅटिक करायचं ठरवलं. पाणी आलं की सेन्सरला कळणार, हौदाचा व्हॉल्व्ह उघडणार, मग मोटर पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणार.

पण हे चालवणार कोण, यावरून आमचं जुंपलं. अप्पांनी एक छोटा कंट्रोलर आणला होता, करड्या रंगाचा डबा, तेवढ्या एकाच कामाचा. मी म्हटलं, माझा जुना कॉम्प्युटर पडून आहे; तो पाणी बघेल, दिवे बघेल, शिवाय मला नांदेडात मोबाइलवर सगळं दिसेल.

"ऐक माय," अप्पा म्हणाले, "तुझा कॉम्प्युटर लई हुशार हाय. पर ज्याला धा कामं येतात, ते ऐन वक्ताला अकरावंच करत बसतंय."

"अप्पा, तुम्ही जुन्या काळातले."

"हाव. म्हणून तर अजून चालू हाय."

मी हट्टी. कॉम्प्युटर बसला, डबा कपाटात गेला. अप्पांनी तोंड वाकडं केलं नाही, उलट सगळं वायरिंग स्वतः करून दिलं. त्याच वर्षी दिवाळीनंतर ते गेले.

नांदेडला चल म्हणून मी आईच्या मागे लागले होते, ती ऐकेना. शेवटी करार झाला — नळाचं तिच्याविना निभलं तर ती लातुरातच राहणार. एकदा जरी हौद कोरडा राहिला तर मुकाट्यानं बॅग भरायची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती वॉकर धरून घरातल्या घरात फिरायची, मागच्या पायऱ्या उतरणं शक्यच नव्हतं. त्या घरात तिचा जीव अडकलेला, आणि तो मी एका जुन्या कॉम्प्युटरच्या हवाली केला होता.

एका मंगळवारी दुपारी कॉलेजात मोबाइल बघते तर लातूरचा कॉम्प्युटर सकाळपासून ऑफलाइन! आणि गल्लीच्या ग्रुपवर मेसेज — 'नळ आला'. आईला फोन लावला, उचलेना. शेजारच्या काकू गावाला गेलेल्या. मी तशीच बस पकडली. वाटभर एकच डोक्यात... आता आईला घर सोडायला लावायचं, आणि चूक माझी.

पोचले तेव्हा सहा वाजले होते. आई टीव्हीसमोर शेंगा सोलत बसलेली.

"फोन का उचलला नाहीस गं?"

"आत चार्जिंगला हाय. माझा डोळा लागला व्हता. मोटरचा आवाज आला की मला झोपंत. लई गुणाचं हाय गं तुझं मशीन!"

मी आत गेले. गुणाचं मशीन सकाळपासून अपडेट घेत अडकलेलं, स्क्रीनवर 'कृपया बंद करू नका'. मागच्या दाराला आतून कडी, अंगणाला चहूबाजूंनी उंच भिंत. हौद काठोकाठ, टाकी भरलेली, मोटर बंद.

इथवर मी रिलेचा स्विच चिकटला असेल वगैरे काहीतरी जुळवून घेतलं असतं. पण नळाचं पहिलं पाणी गढूळ येतं, ते अप्पा हौदात घेत नसत. बाजूच्या कॉकला पाइप लावून ते कढीपत्त्याला सोडायचे, मग पाइप गुंडाळून खुंटीला, दोन्ही तोंडं वर करून. हे माझ्या प्रोग्रॅममध्ये नव्हतंच. तो कॉक हातानंच फिरवावा लागतो. आणि त्या दिवशी कढीपत्त्याचं आळं गढूळ पाण्यानं भरलेलं होतं, हौदातलं पाणी नितळ, आणि खुंटीवरचा पाइप... ओला. दोन्ही तोंडं वर.

भीती अजिबात वाटली नाही. पायरीवर बसून पोटभर रडले.

आईला काही बोलले नाही. करार कोरड्या हौदाचा होता, आणि हौद तर भरला होता! काकूंना नंतर विचारलं, गल्लीत चौकशी केली, वायर न् वायर तपासली. कुठेच काही सापडलं नाही. आई लातुरातच आहे.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि दुपारी जेवणं झाल्यावर कपाटातला डबा काढून भिंतीला बसवला. शेवटचा स्क्रू पिळताना राहवलं नाही. जे त्यांना जिवंतपणी एकदाही म्हटलं नव्हतं ते मोठ्यानं म्हटलं, "अप्पा, तुमचंच खरं होतं."

आतून आईचा आवाज आला, अगदी रोजचा, "हळू बोल गं. जेवून पडायचा टाइम हाय त्यांचा."