हातातून काढून घेतलेला पाला

त्या वर्षी मी देवाकडे मागणं सोडून दिलं होतं. भांडून नव्हे, कंटाळून. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. उपचार झाले, नवस झाले, कितीतरी संकष्ट्या धरून चिंचवडच्या मोरयाच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी एका संकष्टीला मी सरळ दुपारी वरणभात जेवले. मनात म्हटलं, देवा, तुलाही त्रास नको आणि मलाही नको. नमस्कार मात्र रोज करत होते. सवय म्हणा, नाहीतर संबंध पुरते तोडायची छाती नव्हती म्हणा.

त्यात थंडी सरता सरता खोकला लागला. मी चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात आहे. रहाटणीहून सकाळची बस पकडायची आणि दिवसभर सुट्या भागांची मापं घेत बसायचं. उबळ आली की हात हलायचा आणि माप पुन्हा घ्यावं लागायचं. बसमध्ये शेजारच्या बायका ओढणी नाकाला लावायच्या. डॉक्टरांनी औषध दिलं, छातीचा एक्स-रे काढायला सांगितला आणि विचारलं, "दिवस गेले असण्याची शक्यता आहे का?" मी "नाही" म्हणून मोकळी झाले. या प्रश्नाला हेच उत्तर देऊन जीभ इतकी सरावली होती की विचार करावा लागलाच नाही. पाळी तर उपचारांपासून इतकी लहरी झाली होती की मी तिच्याकडे लक्ष देणंच सोडलं होतं. एक्स-रेला शिफ्टमुळे मुहूर्त लागेना. गावाकडून सासूबाईंचा फोन आला, तेव्हा त्यांना माझं बोलणं कमी आणि खोकणंच जास्त ऐकू गेलं. "अगं, अडुळसा पी की," त्या म्हणाल्या. "आपल्याकडं खोकल्याला दुसरं काय देतेत?"

अडुळसा आमच्या इमारतीमागेच होता. मूळ गावकऱ्यांपैकी एका घराने चहूकडे इमारती उठल्या तरी जमिनीचा एक तुकडा राखला आहे आणि त्याला अडुळशाचं कुंपण आहे. गुरं या पाल्याला तोंड लावत नाहीत म्हणून पूर्वी शेताला तो लावत. आता आसपासच्या सोसायट्यांमधली माणसं खोकला झाला की तिथूनच पाला नेतात. गुरुवारी कंपनीला सुट्टी होती. सकाळी भाजी घेऊन येताना मी कुंपणाशी थांबले आणि पानं तोडू लागले. मूठ भरली, तोच आतून आवाज आला, "थांब गं! कुनासाठी नेतीस, ते झाडाला सांगितलं का?"

त्या घरच्या आजी खुर्ची टाकून उन्हात बसल्या होत्या. हातात सोन्याच्या पाटल्या, आवाजात जमीनमालकाचा दरारा. मला हसू आलं. मी कुंपणाला हात लावून म्हणाले, "माझ्यासाठीच, आजी. खोकला काही केल्या जात नाही."

आजी उठून जवळ आल्या. "पाळी कवा आली व्हती?"

भर रस्त्यात, माणसं जात-येत असताना! मी तडकले. "तसलं काही नाही, आजी. होतही नाही मला."

"व्हतंय का न्हाई ते मी कुठं इचारलं? कवा आली व्हती, त्ये सांग."

मी आठवायला लागले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या आधी कधीतरी... आणि आता होळी तोंडावर आली होती. मी बोटांवर पुन्हा मोजून पाहिलं. आजींनी माझ्या मुठीतून ती पानं सोडवून घेतली. "पोटुशीला अडुळसा देत न्हाईत, पोरी. पोट पडायचं भ्या असतंय. जा, तपासून ये. न्हाई निघालं, तर टोपलं भरून ने."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. जखमेवरची खपली अशी चारचौघांत काढतात का? पण उबळ काही थांबत नव्हती, पाला हवाच होता. या म्हातारीचं तोंड एकदाचं बंद करावं म्हणून मी तशीच, भाजीच्या पिशवीसकट, दवाखान्यात गेले. तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी पट्टी माझ्यासमोर धरली आणि त्या हसल्या. मी बाकावर बसून राहिले. एक्स-रेच्या खोलीत जाऊन उभी राहणार होते मी. काढ्याचं भांडं गॅसवर चढणार होतं. ज्या जिवासाठी इतकी वर्षं पदर पसरला, तो आलेला होता, आणि मीच त्याला नाही म्हणून सांगत फिरत होते! मी मागणं सोडलं होतं, पण कुणीतरी माझी राखण सोडली नव्हती. तिथेच, त्या बाकावर, माझे हात आपोआप जोडले गेले.

माझा खोकला डॉक्टरांच्या औषधाने आणि वाफेने हळूहळू गेला. पुढे यांनाही तसाच खोकला लागला, तेव्हा यांचं नाव झाडाला सांगून मी पाला आणला. नुसता ठेचून या पानांचा रस निघत नाही. वाफवून, फडक्यात पिळून, मधातून यांना चाटवला. छाती सुटली आणि घरात शांतता झाली. तोच पाला, तेच कुंपण. त्या हिरव्या पानांकडे मी आजही जरा दबूनच पाहते.

मुलगी झाली. तिला दुपट्यात गुंडाळून मी आजींच्या पायांवर घालायला गेले. म्हटलं, "आजी, तुम्ही मला पाला दिला नव्हता, आठवतंय?"

"न्हाई बाई," आजी म्हणाल्या. "म्या समद्याच बायांना इचारती. आमच्या सासूनं सांगितलंय, इचारल्याबिगर पान द्यायचं न्हाई. कुनाकुनाला ध्यानात ठिवू?" मग वाकून त्यांनी पोरीच्या गालाला बोट लावलं. "हिचं नाक मातुर तुझ्यावानी न्हाई. बरं झालं."

मी हसत हसत रडले. देव येईल तेव्हा माझ्या उपासांचा हिशोब लावून, मला नावाने हाक मारत येईल, असं मला वाटायचं. तो आला एका घरच्या जुन्या रीतीतून, आणि जिच्या हातून आला तिला त्याची खबरही नव्हती. आता संकष्टीला मी पुन्हा चिंचवडला जाते. मागते पुष्कळ, माझा स्वभावच तसा. पण निघताना एवढंच म्हणते: मोरया, देशील ते घेईनच, हातातलं काढून घेशील, तेव्हाही तो हात तुझाच आहे, हे मला ओळखू दे.